चोरखिसा आणि दोन मासे

माझे अण्णा पाण्याखाली काम करायचे. प्राथमिक शाळेत गुरुजींनी "वडील काय करतात?" असं विचारलं की मी हेच सांगायचे. गुरुजी समजुतीने दुरुस्त करायचे, "म्हणजे पाटबंधारे खात्यात." मी पुन्हा सांगायचे, "न्हाय गुरुजी, पाण्याखाली." वर्ग हसायचा. मी खाली बसताना ताठ मानेनेच बसायचे.

तसे ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. आमच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, रोज सकाळी सायकलने जायचे. पण पंचगंगेच्या आणि दुधगंगेच्या काठाने ज्या उपसा पाणी योजना होत्या, त्यांच्यापैकी एखाद्या संस्थेचा माणूस दारात आला की अण्णा रजा टाकायचे. नदीकाठी मोठी विहीर असते, तिच्यातून पंप पाणी खेचून वरच्या शेतांना देतात. पंपाच्या पाइपचं तोंड खोल पाण्यात, आणि त्या तोंडाला एक झडप. त्या झडपेत प्लास्टिक, गोणपाट, पुरात वाहून आलेली लुगडी असं काय काय अडकतं. मग वर पंप नुसता घरघरतो आणि शेतात पाणी येत नाही. अशा वेळी कुणीतरी खाली उतरून, डोळ्यांना काहीही दिसत नसताना, हाताने चाचपून ती झडप मोकळी करावी लागते. आमच्या भागात ते अण्णा करायचे.

त्यांच्याकडे पाणबुड्याचा जुना संच होता. माझी आत्या चंदगडकडे दिली आहे. तिच्या शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक पाणबुडे राहायचे. काजूच्या हंगामात आत्याकडे गेलेल्या अण्णांना त्यांनी विहिरीत सूर मारताना पाहिलं आणि बोलावून घेतलं. पुढे दोन उन्हाळे त्याच विहिरीत त्यांनी अण्णांना शिकवलं, आणि शेवटी स्वतःचा संच देऊन टाकला. "माझी पोरं भंगारात घालतील. तू वापरशील." संच परदेशी होता, बहुधा माझ्या जन्माच्याही आधीचा. पाठीवर हवेची टाकी, मानेमागे पितळेचा डबा, आणि त्यातून दोन्ही खांद्यांवरून तोंडापर्यंत येणाऱ्या दोन घडीदार रबरी नळ्या. गावात त्याला सगळे 'सोंड' म्हणायचे. "अण्णा सोंड घेऊन गेल्यात" म्हटलं की ते नदीवर आहेत, हे कळायचं.

टाकीत हवा भरायला त्यांना गोव्याच्या हद्दीपर्यंत जावं लागे. तिथे त्या नौदलवाल्यांच्या मित्राकडे यंत्र होतं. एकदा मीही बरोबर होते. परतीच्या एसटीत कंडक्टरने टाकीला पाय लावून विचारलं, "ह्यात काय हाय?"

"हवा."

"कसली हवा?"

"साधीच की. तुमी-आमी घेतो ती."

कंडक्टरने सगळ्या बसकडे एकदा बघून घेतलं. "म्हंजे पावणं, कोल्हापुरातली हवा संपली म्हणून तुमी गोव्याहून आणताय व्हय?"

बस हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "गोव्याहून लोकं दुसरंच आणत्यात! नीट हुंगून बघा मास्तर!" अण्णाही हसले, आणि टाकीचं लगेजचं तिकीट काढून ते नीट घडी घालून खिशात ठेवलं.

परदेशी वस्तू परदेशी लोकांच्या हातात टिकते, कारण तिथे तिचे भाग मिळतात. अण्णांना एकही भाग मिळण्यासारखा नव्हता. पण ते उद्यमनगरचे होते. तिथे नमुना दाखवला की माणूस वस्तू उलटीपालटी करून बघतो आणि "मंगळवारी या" म्हणतो. डब्यातल्या झडपेची झिजलेली बैठक अण्णांनी स्वतः लेथवर नायलॉनची करून बसवली. कमरेची शिशाची वजनं ओळखीच्या फाउंड्रीत ओतून घेतली. नळ्या चिरल्या तेव्हा लष्करी भंगारातल्या कुठल्याशा गॅस मास्कच्या नळ्या बसवल्या.

पट्टे मात्र गावातच झाले. आमच्या गावात एक तात्या होते, तरुणपणी विहिरीवरच्या मोटा शिवणारे. मोटेचं चामडं दिवसरात्र पाण्यात असतं, त्यामुळे कुठलं कातडं पाण्यात फुगतं, कुठलं कुजतं आणि कुठलं मऊ राहतं हे त्यांच्या बोटांना ठाऊक. विजेचे पंप आले, मोटा गेल्या, आणि तात्या चपला करू लागले. मूळ कापडी पट्टे कुजल्यावर अण्णा त्यांच्याकडे गेले. तात्यांनी उजवा पट्टा तीन पदरी वेणीचा केला, डावा सपाट ठेवून त्याला दोन गाठी मारल्या. छातीवर मध्ये, चपलेला लावतात तसा, तांबड्या लोकरीचा गोंडा लावून दिला. आणि चोरखिशाच्या काडीला चामड्याची जाड वादी बांधली.

चोरखिसा म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या जुन्या टाक्यांना हवा किती उरली हे दाखवणारं घड्याळ नसायचं. हवा संपत आली की श्वास जड व्हायचा. मग कमरेशी आलेली एक काडी खाली ओढायची, की राखून ठेवलेली थोडी हवा मोकळी व्हायची, वर यायला पुरेल एवढी. अण्णा तिला चोरखिसा म्हणायचे. "सगळं खर्चून झालं तरी चोरखिशात हात घालायचा आणि घर गाठायचं," असं ते मला सांगायचे.

टाकीला रंग दिला होता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरने. मोरपंखी रंग, त्यावर 'आई अंबाबाई प्रसन्न', आणि खाली एकमेकांकडे तोंड केलेले दोन गुलाबी मासे. माशांना पापण्या होत्या. दर खंडेनवमीला इतर घरांत कोयते-नांगर पुजतात तशी आमच्याकडे सोंड पुजली जायची. आई पितळी डब्याला हळदकुंकू लावायची, आणि वर्षानुवर्षांचं ते कुंकू डब्याच्या खाचांत बसून राहिलं होतं.

मी अकरावीत गेल्यावर नदीवर दोर धरायचं काम माझ्याकडे आलं. दोराचं एक टोक अण्णांच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सैल सोड, तीन म्हणजे ओढ. त्याआधी दोर धरणारा चुलता मुंबईला गेला होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी पाण्याच्या पाळ्या देणारा पाटकरी काठावरून ओरडला, "अण्णा, पोरीच्या हातात जीव दिलाईसा व्हय? तिचं ध्यान पुस्तकात!"

अण्णा पाण्यात उतरता उतरता म्हणाले, "तुझ्या हातात दिला, तर तू तंबाखू मळाय सोडशील की."

कॉलेजची फी नदीवरच्या कामाच्या पैशांतूनच जायची, त्यामुळे त्या दोरावर मी बी.एस्सी. केलं असं म्हटलं तर फारसं खोटं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. रसायनशास्त्राची पदवी हातात आली तेव्हा अण्णांनी ती लॅमिनेट करून सोंडेच्या खुंटीशेजारी टांगली. पुढे मी बी.एड. झाले आणि हातकणंगल्याच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. दोन हजार साल उलटलं होतं. अण्णांची नदीवरची बोलावणी कमी झाली होती, कारण संस्था आता नव्या साहित्याची तरुण पोरं बाहेरून आणत. सोंड बहुतेक वेळ खुंटीवरच असायची.

राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत शाळेचं काम करता करता मी सहज त्या जुन्या संचाबद्दल शोधलं आणि थक्क झाले. पडद्यावर आमचीच सोंड होती. पण चकचकीत, राखाडी टाकी, पांढरे कापडी पट्टे, डब्यावर कारखान्याची छाप. जगभरात लोक असे जुने संच जमवतात, नीट करतात आणि आजही ते लावून पाण्यात उतरतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांतूनच पुण्यातल्या एका निवृत्त अभियंत्यांचा पत्ता मिळाला. ते देशभरातल्या जुन्या संचांची सचित्र नोंद करून पुस्तक काढत होते. मी पत्र लिहिलं. त्यांचं लगेच उत्तर आलं. असा संच आपल्याकडे क्वचितच उरला आहे, पण तो मूळ स्थितीत असेल तरच पुस्तकात घेता येईल. "प्रत्येक मालकाने आपल्या आवडीचं काहीतरी जोडलं तर वस्तूचा इतिहास पुसला जातो," असं त्यांनी लिहिलं होतं.

मला ते पटलं. मनापासून पटलं, हे मी लपवत नाही. मी मुलांना शुद्ध पदार्थ आणि मिश्रण यांतला फरक शिकवत होते. शिवाय पापण्या असलेले गुलाबी मासे आणि चपलेचा गोंडा यांचा फोटो पुण्याला पाठवायला मला लाज वाटली होती. मी फक्त डब्याचा फोटो पाठवला. अण्णांचं नाव पुस्तकात यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या गृहस्थांनी मोठ्या मनाने आपल्याकडचे मूळ कापडी पट्टे, बक्कल आणि चोरखिशाची मूळ तारेची कडी पार्सलने पाठवली.

मे महिन्यात अण्णा काजूसाठी आत्याकडे गेले आणि मी काम काढलं. रंग काढायचं द्रावण लावून टाकी खरवडली. अंबाबाई गेली, मासे गेले, खालून राखाडी रंग आला. डब्यातलं कुंकू मी जुन्या दातांच्या ब्रशने आणि आम्लाच्या थेंबांनी काढलं, आणि माझ्या पदवीचा इतका थेट उपयोग मी पहिल्यांदाच करत होते, म्हणून गुणगुणत काढलं. मग पडद्यावरच्या चित्रासारखा चमकावा म्हणून डबा उद्यमनगरात नेऊन त्याला निकेल चढवून घेतलं. तिथल्या कारागिराने विचारलं, "ताई, कुठल्या गाडीचा पार्ट ह्यो?" मी म्हटलं, "गाडीचा न्हाय, नाकाचा." तो दिवसभर हसत होता.

तात्यांचे पट्टे मी गोणीत भरून माळ्यावर टाकले. आई परातीत तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्येंना इचारलंस का?"

"सरप्राइज हाय, आई."

"हूं," आई म्हणाली आणि पुन्हा खडे शोधू लागली.

अण्णा आले तेव्हा त्यांचे हात काजूच्या टरफलांच्या तेलाने काळे झाले होते. मी कॉटवर पांढरी चादर घालून त्यावर संच मांडला होता. ते उंबऱ्यातच थांबले. मग मागे गेले, राखेने हात घासून धुतले, पुसले आणि मगच येऊन डब्यावरून बोट फिरवलं.

"लई देखणं केलंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "पावण्यागत वाटतंय."

मी ते कौतुकच समजले. त्यांनी संच खुंटीवर टांगला नाही, कॉटवरच राहू दिला आणि रात्री स्वतः खाली अंथरूण टाकलं. तेही मी कौतुकच समजले.

चारच दिवसांनी एका संस्थेचे चेअरमन मोटारसायकलवरून आले. पंप पाणी ओढत नव्हता, वळीवही झाला नव्हता, ऊस माना टाकत होता आणि बाहेरची पोरं दुसऱ्या कामावर गुंतली होती. "अण्णा, तुमीच बघा आता." टाकीत आधीच्या कामातून उरलेली हवा होती. अर्ध्या तासाचं काम, तेवढ्याला पुरेल, असं अण्णांनी ठरवलं. मीही निघाले. कितीतरी वर्षांनी दोर हातात घेतला. काठावर तोच पाटकरी होता, आता केस पिकलेला. "आली का मास्तरीणबाई! आज गृहपाठ तपासू नगा मधीच!"

अण्णा लंगोटावर जुना लोकरी स्वेटर घालून, त्यावर नवा संच चढवून उतरले. उन्हात डबा असा चमकला की काठावरची माणसं "आरं तिच्या!" म्हणाली. मला अंगभर अभिमान वाटला.

बुडबुडे येत होते. एक हिसका. ठीक. थोड्या वेळाने पुन्हा एक. मग बराच वेळ काही नाही. मग बुडबुडे विरळ झाले, आणि लगोलग तीन हिसके आले, असे की माझे हात पुढे खेचले गेले. मी ओढायला लागले. चेअरमननी चप्पल काढून दोर धरला, पाटकऱ्याने मागून माझ्या कमरेला मिठी मारली. अण्णा वर आले, तोंडातली नळी थुंकली आणि पायरी धरून बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. त्यांचा डावा हात अजून कमरेशी काहीतरी चाचपत होता.

ते चाचपत होते ती चोरखिशाची वादी. मी ती काढून तिथे मूळ तारेची बारीक कडी लावली होती. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे अगदी बरोबर.

"काय झालं वं अण्णा?" पाटकरी ओरडला.

"काय न्हाय. हवाच कमी होती टाकीत. माझाच अंदाज चुकला." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "झडप मोकळी झालीया. पंप लावा."

पंप लागला, पाणी धो धो आलं. लोकांनी चहा पाजला. अण्णांनी माझी चूक चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि मी माझा कप तसाच ठेवून दोर गुंडाळत बसले.

घरी येताना मी म्हटलं, "अण्णा, ती कडी मी लावली."

"व्हय की. म्हाईत हाय मला." ते सायकल हातात धरून चालत होते. "कडी चांगलीच हाय गं. स्वच्छ पाण्यातल्या माणसानं केलीया ती. त्येला बघून वडता येतीया. आपल्या नदीत बोटांनीच बघाय लागतंय. उजवीकडं येणी, डावीकडं गाठी, खाली वादी. आज दोनी पट्टे सारखंच लागलं हाताला. चोरखिसा दुसऱ्याच्या सदऱ्याला शिवल्यागत झालं." मग म्हणाले, "आन् मीबी उतरायच्या आदी चाचपून बगाय पायजे हुतं. तू केलंईस म्हणून बगितलं न्हाय."

हे शेवटचं वाक्य मी विसरलेले नाही.

माळ्यावरून गोण काढली तर पत्र्याच्या तापाने आणि बिनतेलाने पट्टे वाळून चिरले होते. ते घेऊन मी तात्यांकडे गेले. आता त्यांना फारसं दिसत नव्हतं. चामडं हातात घेऊन त्यांनी अंगठा फिरवला. "कुणी ठेवलं ह्ये असं?"

"मी, तात्या."

"शिकली-सवरलेली पोर तू. चामडं गोणीत भरती व्हय? लोणचं हाय का त्ये?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बस. एरंडेल घेऊन ये आन् बस. डोळं न्हाईत मला, वादी तू धरायची."

आठ दिवस शाळकरी मुलगी बसावी तशी मी त्यांच्यापुढे बसले. ते बोटांनी वेणी घालत, मी टोक ताणून धरत असे. दिसत नसूनही वेणी कुठे सुटली नाही. अखेरीस त्यांनी गोंडा लावला. "तांबडाच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. तांबडाच होता.

आता राहिले मासे. मला पश्चात्तापाने इतकं घेरलं होतं, की मोरपंखी रंग, अंबाबाई, दोन गुलाबी मासे, पापण्यांसकट, सगळं होतं तसं परत करायचं असा मी पण केला. अण्णांना घेऊन पेंटरच्या दुकानात गेले. पेंटर वारले होते. त्यांच्या मुलाने दुकानात संगणक आणला होता, आणि तो गाड्यांच्या काचांवर लावायची रेडियमची नावं-चित्रं कापून द्यायचा. भिंतभर वाघ, गरुड, ओम, 'मामाचा आशीर्वाद'. मी त्याला जुने मासे हाताने काढून दाखवू लागले. "असे, थोडे गुबगुबीत, पापण्या वर वळलेल्या."

अण्णा मात्र भिंतीकडे बघत होते. "त्यो काय मासा हाय व्हय? हिरवा?"

"डॉल्फिन हाय काका. अंधारात चमकतोय."

"दोन काप. समोरासमोर."

"अण्णा!" मी म्हटलं. "तुमचे मासे गुलाबी होते. हाताने काढलेले. हे स्टिकर आहेत. हे खरं नाही."

"कुणाचं खरं न्हाय?"

"तुमचं! तुमचं जे होतं ते!"

"त्ये गेलं न्हवं? त्या टायमाला पेंटर हुता, त्येचं मासं आवडलं. आता ह्यो पोरगा हाय, ह्येचं आवडत्यात." मग दुकानदाराला म्हणाले, "पापण्या बसीवता येत्यात का रं त्येला?"

पोराने संगणकावर पापण्या बसवल्या.

तेव्हा मला कळलं, की मी एकच चूक दुसऱ्यांदा करत होते. आधी कारखान्याचं चित्र बघून संच नीट केला, आता आठवणीतलं चित्र बघून करायला निघाले होते. दोन्ही वेळा ज्याच्या पाठीवर तो बसणार, त्याला विचारायचं राहिलं होतं.

निकेलचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. ते उतरवून पितळ पुन्हा उघडं करता आलं असतं. मी तसं म्हटलं, तर अण्णा पहिल्यांदाच रागावले. "त्येला हात लावायचा न्हाय. त्ये तुझं हाय, ऱ्हाऊ दे." त्या वर्षीच्या खंडेनवमीला आईने चकचकीत निकेलवर हळदकुंकू लावलं, आणि सोंड माझ्या पदवीशेजारच्या खुंटीवर परत गेली.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचे गृहस्थ आले. मी सगळं आधीच पत्राने कळवलं होतं, आणि त्यांचे पट्टे, बक्कल, कडी कागदात गुंडाळून तयार ठेवली होती. तरी त्यांनी संच पाहिला आणि हिरव्या रेडियमच्या माशांपाशी नजर अडली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. आईने चहा दिला. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही मला आधी पाठवलेला फोटो या संचाचा नव्हता."

"डब्याचा होता," मी म्हटलं. "बाकीचं मी लपवलं. ती चूक माझी." आणि मी लिहून ठेवलेली नोंद त्यांच्यापुढे ठेवली. प्रत्येक भाग, तो कुणी केला, कशासाठी.

अण्णा म्हणाले, "वाच की मोठ्यांदा. मलाबी कळू दे."

मी वाचलं. बैठक, नायलॉन, लेथवर स्वतः, मूळची झिजली म्हणून. उजवा पट्टा वेणीचा, मोट शिवणाऱ्या कारागिराने, अंधारात बाजू ओळखू यावी म्हणून. वादी जाड, हाताला लागावी म्हणून. अण्णा मान डोलवत होते. "छातीवरचा गोंडा, पाण्यात वर तरंगून वरची दिशा कळावी म्हणून. टाकीवरचे मासे, गढूळ पाण्यात पाणबुड्या ठळक दिसावा म्हणून."

"थांब," अण्णा म्हणाले. "खोटं का लिवतीस?"

मी कागद खाली केला.

"चार हात खाली सोताचा हात दिसंना झालाय, मासं कुणाला दिसायचं? आन् गोंडा तात्यानं त्येच्या मनानं लावलाय, मला बरा वाटला. मासं मला आवडलं. तेवढंच लिव."

"पण अण्णा, साहेबांना कारण…"

"आवडलं ह्ये कारण न्हाय व्हय?" ते पाहुण्यांकडे वळले. "पावणं, तुमी एवढी जुनी सोंड जमीवताय. उतरताय काय कुठं काम कराय?"

"नाही," गृहस्थ म्हणाले. मग पहिल्यांदाच हसले. "आवडतं म्हणून."

मी नोंदीतली दोन वाक्यं खोडली आणि त्यांच्या जागी लिहिलं, 'आवडले म्हणून.' शेवटी निकेलची ओळ राहिली होती. मी तिथे नुसतं 'नंतरचा बदल' असं लिहिलं होतं. अण्णांनी बोट ठेवून विचारलं, "हितं काय हाय?" मी वाचून दाखवलं. "न्हाय. लिव, निकेल मुलीनं केलं. बी.एस्सी. आन् कशासाठी इचारलं तर लिव, पोरगी शिकली म्हणून."

गृहस्थांनी आपले पट्टे परत घेतले. संचाला मूळ संचांत जागा देता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तो त्यांचा प्रामाणिकपणा होता. त्यांनी पुस्तकाच्या शेवटी एक पान वेगळं काढलं, 'वापरातून घडलेला संच'. फोटो एकच. आमच्या अंगणात, लोकरी स्वेटरवर सोंड चढवून, टाकीवरचे मासे दिसावेत म्हणून जरा तिरके, अण्णा उभे आहेत, गोंडा वाऱ्याने जरा वाकडा झालेला, आणि शेजारी दोर हातात घेऊन मी. खाली माझी नोंद जशीच्या तशी.

पुस्तक आमच्याकडे आहे. त्यात कितीतरी देखणे संच आहेत, एकेक भाग मूळचा. अण्णांनी ती पानं फारशी उलटली नाहीत. घरी कुणी आलं की ते थेट शेवटचं पान काढतात, चष्मा नसला तरी माशांवर बोट ठेवतात, मग बोट खाली सरकवत निकेलच्या ओळीवर आणतात आणि पाहुण्याला म्हणतात, "ह्ये वाचा. मोठ्यांदा वाचा."